मेल्यावर हसायचा रिवाज

मी मेले त्या दिवशी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं होतं. नवरात्राचे नऊ दिवस आणि वर दसरा, एवढे दिवस घरात माशाचा वास नाही, त्यामुळे मी स्टोव्हपाशीच पाट टाकून बसले होते आणि झाकण उचलून उचलून बघत होते. तेवढ्यात दारात कुणीतरी हुंदका दिला.

बघते तर आमचा अंबादास. अंबादास म्हणजे मेकअपमन, वीस वर्षं माझ्या तोंडाला रंग फासणारा माणूस. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, हातात निशिगंधाचा हार आणि डोळे रडून सुजलेले. त्याने मला पाहिलं, हार त्याच्या हातातून खाली पडला आणि तो उंबऱ्यावरच मटकन बसला.

"मालनताई, तुम्ही घरात कशा?"

"मग कुठे असू? घर माझं आहे."

"नाही, म्हणजे... तुम्ही गेलात ना?"

"कुठे?"

त्याने नुसतं छपराकडे बोट केलं. मला आधी हसू आलं, मग राग आला. माझा राग उशिरा येतो, पण आला की मुक्कामाला येतो.

"कशाने गेले मी?"

"हार्ट अटॅक म्हणत होते."

"कोण म्हणत होते?"

"सगळेच. तुळशीदास सेठनी आज सकाळी सेटवर दोन मिनिटं शांतता पाळली, मग अर्ध्या दिवसाचं पॅकअप केलं. तुमचा फोटो हार घालून ठेवलाय ताई. समोर उदबत्ती लावलीय. मी स्वतः पाया पडून आलो."

"हार कसला आहे?"

"झेंडूचा. मध्ये मध्ये आंब्याची पानं."

"झेंडूचा? अरे मुडद्या, मयताच्या फोटोला झेंडूचा हार आणि आंब्याची पानं कोण घालतं? परवा काय होतं?"

अंबादासने जरा विचार केला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. परवा खंडेनवमी होती.

खंडेनवमीला स्टुडिओत सगळ्या हत्यारांची पूजा होते. कॅमेरा, ट्रॉली, मोठमोठे दिवे, सुताराची करवत, सगळ्यांना झेंडूचे हार. सेटवरचं सामान सांभाळणारा जो प्रॉपर्टीवाला, त्यानेही आपल्या गोदामातली हत्यारं टेबलावर मांडली. खोटी पिस्तुलं, रबराचे सुरे, हातकड्या आणि माझी तसबीर. त्याचं काही चुकलं नाही. ती तसबीर हे त्याचं हत्यारच. हिरोची मेलेली आई दाखवायची झाली की दरवेळी भिंतीवर तीच लागते. बंगल्यात लागली, झोपडीत लागली, एकदा तर डाकूच्या गुहेतही लागली. पूजा झाली, पिस्तुलं कामाला गेली आणि माझा फोटो तेवढा हारासकट टेबलावर राहिला. पुढचं काम लोकांनी केलं.

"तू परवा तुझ्या रंगाच्या पेटीला हार घातलास ना?" मी अंबादासला विचारलं.

"घातला."

"मग ती मेली का?"

आता माझी ओळख सांगते, कारण मालन गावडे म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काही पेटणार नाही. चेहरा दाखवला तर म्हणाल, अरे, ही तर ती! ती म्हणजे कोण, ते मात्र आठवणार नाही. मी मूळची कुडाळकडची. गिरणगावात लग्न होऊन आले, गणपतीतल्या नाटकांत कामं केली, तिथून कुणीतरी उचलून हिंदी सिनेमात नेलं. हिंदीत मराठी बाईला कामं दोनच, भांडी घासायची नाहीतर मरायचं. माझा चेहरा म्हणे गरीब आहे, म्हणून माझ्या वाट्याला मरण आलं. मी तापाने मेले, शिलाई मशीनवर डोकं टेकून मेले, जिन्यावरून गडगडत मेले, मोटारीखाली मेले, लेकाच्या वाटची गोळी छातीवर घेऊन मेले. सगळं इंटरव्हलच्या आत. मी मेल्याशिवाय हिरोला राग येत नाही, आणि हिरोला राग आल्याशिवाय सिनेमा पुढे सरकत नाही. आमच्या चाळीतली शेवंती नवीन पिक्चर लागला की नळावर सगळ्यांसमोर विचारायची, "मालनताई, यंदा कशाने?"

सिनेमाच्या लाईनमध्ये एक रिवाज आहे. बाहेरच्यांना तो माहीत नसतो. मरणाचा शॉट झाला की मेलेल्या माणसाने उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. कॅमेरा चालू ठेवतात, चार फूट फिल्म जाते, पण घेतातच. म्हणजे खोटं मरण अंगाला चिकटत नाही. मी दरवेळी हसले. छातीवर लाल रंग, रंगात साखरेचा पाक म्हणून पदराला मुंग्या, आणि मी कॅमेऱ्याकडे बघून खो खो हसतेय. ते हसणं कुठल्याच सिनेमात लागलं नाही. एडिटर पहिल्यांदा तेच कापून टाकतो. माझं मरण सगळ्या मुंबईने बघितलं आणि माझं हसणं केराच्या डब्यात गेलं. ह्याचं मला मनापासून वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आणि आमचा दत्ताराम. माझा नवरा. आधी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता, गिरण्यांच्या संपानंतर मरोळच्या एका कारखान्यात वॉचमन, तेव्हाच आम्ही अंधेरीच्या चाळीत राहायला आलो. पहिल्यांदा मी पडद्यावर मेले तेव्हा हा भर थेटरात उभा राहून ओरडला होता, "ऊठ गो मालन, ऊठ!" लोक पोट धरधरून हसले. मी शेजारी बसले होते, धडधाकट, हातात शेंगांची पुडी. तरी हा पडद्याकडे बघूनच ओरडत होता. तेव्हापासून त्याने नियम केला. माझं मरण जवळ आलं की उठायचं आणि बाहेर जाऊन बिडी ओढायची. मग मीही उठायची, कारण मी मेल्यावर त्या पिक्चरमध्ये माझं काय काम? इतके पिक्चर केले, पण एकाचाही शेवट आम्ही नवराबायकोने पाहिलेला नव्हता.

आणि अशा बाईला तुळशीदास सेठने पारूबाई दिली होती.

पारूबाई म्हणजे भाजीवाली. तिच्या डोळ्यांदेखत खून होतो, सगळा बाजार तोंड शिवून बसतो आणि ही एकटी कोर्टात जाऊन गुंडाच्या नावानिशी साक्ष देते. साक्षीला येतानाही हातात तराजू. लेखकाला ते फार खोल वाटलं होतं, माझा मात्र हात भरून यायचा. आणि साक्ष देऊन पारूबाई कोर्टाच्या पायऱ्या उतरून घरी जाते. कळलं ना? घरी जाते. शेवटच्या रिळातसुद्धा ती आहे, हिरोच्या लग्नात तांदूळ टाकताना. मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा दत्तारामने ओठांतली बिडी काढली. मग म्हणाला, "गिरण मेली, संप मेलो. एक तरी माणूस शेवटापर्यंत जिता रवांदे गो." ह्या खेपेला आपण शेवटापर्यंत बसायचं असं त्याने स्वतःहून ठरवलं. साऱ्या चाळीला सांगून आला. त्या माणसाने संपानंतर कशाची म्हणून वाट बघितलेली मला आठवत नव्हती.

कोर्टाचा सीन दसऱ्याच्या आधी झाला होता. पायऱ्यांचा आणि लग्नाचा राहिला होता. आणि मध्येच मी मेले.

तिखल्याखालचा स्टोव्ह बंद केला, तशीच मसाल्याच्या हाताने रिक्षात बसले, अंबादासला शेजारी कोंबला आणि अंधेरीचा स्टुडिओ गाठला. गेटवरचा गुरखा मला बघून दोन पावलं मागे सरला. सेठच्या ऑफिसचं दार अर्धं उघडं होतं. तुळशीदास सेठ म्हणजे प्रोड्यूसर तोच, डायरेक्टरही तोच. पाचही बोटांत खडे. आत तो कुणाला तरी समजावत होता, "अरे टेन्शन काय को? फोटो है ना उसका. हार डालो, हिरो रोयेगा, बात खतम. एक शॉट में निपट जायेगा."

ऐकलंत? माझ्या चितेची राख थंड व्हायची होती आणि हा मला एका शॉटमध्ये निपटवत होता!

फोटो बाहेर टेबलावरच होता. उदबत्ती विझली होती. मी हार काढला, आत गेले आणि सेठच्या गळ्यात घातला.

"घ्या सेठ. सगळ्या हत्यारांची पूजा झाली, तुमचीच राहिली होती."

सेठ असा किंचाळला की बाहेरचे लोक धावत आले. मयताचा हार जित्या माणसाच्या गळ्यात! त्याने तो उपटून फेकला, टेबलावरच्या देवाला हात जोडले, मला हात जोडले, आणि मग पाणी प्यायला. खंडेनवमीची गोष्ट सांगितल्यावर सगळे हसले. सेठही हसला, पण तो ओठांनी हसला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दोन दिवसांनी त्याने बोलावून घेतलं. खूप गोड बोलला. चहा दिला, वर बिस्किट दिलं. मग म्हणाला, पंडितजींना विचारलं. जिच्यासाठी सेटवर शांतता पाळली गेली ती बाई पिक्चरमध्ये जिवंत राहिली तर पिक्चर झोपणार. म्हणजे ते मरण कुठेतरी फिटलं पाहिजे. म्हणून आता असं करायचं, की पारूबाई साक्ष देऊन पायऱ्या उतरते आणि गुंड तिला तिथेच गोळी घालतो. "और पब्लिक को भी मज़ा आयेगा मालनबाई. तुम्हारा मरना पब्लिक को अच्छा लगता है."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

सेठने खांदे उडवले. "फोटो तो है."

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मी काम केलं तरी मरणार, नाही केलं तरी माझी तसबीर माझ्यामागे मरणार. मी म्हटलं, येते. निदान मरताना हजर तरी राहीन. पण सांगते, त्या दिवशी स्टुडिओबाहेर रिक्षाची वाट बघताना मला रडू आलं. इतक्या वेळा मेले, त्या मरणांचं कधी काही वाटलं नाही. ह्या एकाचं वाटलं.

घरी दत्तारामने तोंड बघूनच ओळखलं. "ह्या खेपेक पण मरतलंस?"

मी पिशवी खुंटीला अडकवली. त्याने कोपऱ्यात जाऊन बिडी पेटवली. ती बिडी डोळ्यांपुढे घेऊनच मी शूटिंगला गेले.

शूटिंग आरे कॉलनीत होतं. तिथली एक जुनी पायऱ्यांची इमारत कोर्ट म्हणून रंगवली होती, मागच्या बाजूला म्हशींचे गोठे. गोळी घालणार होते चंद्रप्रकाशजी. पडद्यावर ह्या माणसाला बघून पोरं आईच्या कुशीत शिरतात, आणि खरा स्वभाव असा की पालीला घाबरतात, सोमवार करतात, आणि भेटले की आधी विचारतात, मालनबाई, जेवलात का? ते बिचारे तिसऱ्या शिफ्टमधून आले होते. सूर्य मावळला की दुसऱ्या पिक्चरसाठी विमान पकडून बाहेरगावी, आणि मग कित्येक महिने तारीख नाही. म्हणजे शॉट आजच, उजेड आहे तोवर.

अंबादासने माझ्या चोळीत लाल रंगाचा फुगा बसवला. गोळीचा आवाज झाला की मी छातीवर हात मारायचा, फुगा फोडायचा आणि पडायचं. त्याचं काम झालं तशी मी सेठकडे गेले.

"सेठ, नंतर हसण्याचा शॉट घेणार ना?"

"कौनसा शॉट?"

"मेल्यावर हसायचा. रिवाज आहे आपला."

"अरे अब कौन करता है वो सब? रॉ स्टॉक का भाव मालूम है? और टाइम किधर है? गिर जाओ, घर जाओ."

पंडिताचं ऐकून मला मारायला वेळ आहे. शांतता पाळायला वेळ होता. आणि माझ्या हसण्याला चार फूट फिल्म नाही? अपशकुन तेवढा माझ्या पदरात आणि उतारा कुणीच काढायचा नाही? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. जाऊन पायऱ्यांवर उभी राहिले, हातात तराजू घेऊन.

"ॲक्शन!"

मी चार पायऱ्या उतरले. चंद्रप्रकाशजी खांबामागून पुढे आले, पिस्तूल उचललं. ठो! मी उभीच.

"कट! मालनबाई, गोली लगी है तुमको!"

"नाही लागली. नेम चुकला."

लाईटवाले फिस्सकन हसले. सेठ म्हणाला, मजाक मत करो. पुन्हा तयारी. पुन्हा ठो. मी पुन्हा उभी. तो आवाज ऐकून गोठ्यातली एक म्हैस ओरडली, पण मी हलले नाही.

आता सेठचा पारा चढला. पायऱ्या चढून वर आला. "प्रॉब्लेम क्या है तुम्हारा?"

"मी पडणार नाही."

"क्या मतलब, पडणार नाही?"

"मतलब पडणार नाही. पारूबाई सगळ्या बाजाराच्या भीतीला भीक न घालता साक्ष देते आणि पायरीवर पडते होय? मग बाजारातले लोक काय चुकीचे होते? गप्प बसले तेच शहाणे ठरले की! आणि मी पडते ती तुमच्या सोयीसाठी. बास झालं. वीस वर्षं पडले. माझे गुडघे बघा एकदा."

"सूरज जा रहा है!" कॅमेरामन खालून ओरडला.

सेठने हात जोडले. खरंच जोडले. "आखिरी बार. प्लीज़. फिल्म भी आखिरी डिब्बा है."

मी पुन्हा वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. त्याला वाटलं, हो म्हणाली.

"ॲक्शन!"

पायऱ्या उतरले. चंद्रप्रकाशजी पुढे आले. ठो! आणि मी तराजू खांद्यावर टाकला, त्यांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि हसले. कसं सांगू? आधी जाणूनबुजूनच हसले, रागाने. पण मग ते आपलंआपण यायला लागलं. मशीनवरचं, जिन्यावरचं, मोटारीखालचं, कापून फेकलेलं सगळं हसणं एकदम वर आलं. हसता हसता मी एक पायरी उतरले, मग आणखी एक. चंद्रप्रकाशजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ते ठरलेलं नव्हतं. त्यांचा पिस्तुलाचा हात हळूहळू खाली आला आणि एवढा मोठा व्हिलन दोन पावलं मागे सरला. खरंच घाबरला होता बिचारा. मी त्यांच्या शेजारून चालत गेले, रस्त्याला लागले आणि मागे वळून पाहिलं नाही.

कट म्हणायचं सेठच्या लक्षातच राहिलं नाही. कॅमेऱ्यातली फिल्म फडफडत संपली तेव्हा लोक भानावर आले. उजेड गेला होता.

मग जे व्हायचं ते झालं. सेठ माझ्या अंगावर धावून आला. एडिटिंगमध्ये कापून टाकीन, फोटो लावीन, माझ्या बॅनरमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही, काय काय बोलला. चंद्रप्रकाशजी गाडीत बसता बसता म्हणाले, "तुलसीभाई, वो शॉट मत काटना. मैं सच में डर गया था." सेठने त्यांच्याकडेही लक्ष दिलं नाही. मी चोळीतून फुगा काढला आणि अंबादासच्या हातात दिला. अख्खा होता. तो त्या फुग्याकडे बघत राहिला आणि मग नाक ओढायला लागला. हा माणूस मी मेले तरी रडतो, जगले तरी रडतो.

लग्नात तांदूळ टाकायला मला बोलावलं नाही. त्या हसण्याचं डबिंग करायलाही बोलावलं नाही. मी समजले, आपलं हसणं पुन्हा केराच्या डब्यात गेलं. घरी दत्तारामला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? मी पडले नाही रे, पण त्यांनी मला कापलं, हे सांगायचं? त्यापेक्षा तो बाहेर बिडी ओढू दे.

पिक्चर पुढच्या वर्षी लागला. अंधेरी स्टेशनजवळच्या थेटरात चाळीतले आम्ही सगळे मिळून गेलो, शेवंती मागच्या रांगेत, म्हणतेय, "यंदा नाय मरणार म्हणाली होतीस हां!" मी शेंगांची पुडी सोडली. दत्ताराम कडेच्या खुर्चीवर बसला, दाराजवळ. सवयीने.

इंटरव्हल झाला तरी मी जिवंत. चाळकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कोर्ट आलं, साक्ष झाली. पारूबाई तराजू घेऊन बाहेर आली आणि खांबामागे चंद्रप्रकाशजींची सावली दिसली. दत्ताराम उठला. इतक्या वर्षांत त्याला माझं मरण वासाने कळायला लागलं होतं. मी अंधारात त्याचा सदरा पकडला, पण त्याने सोडवून घेतला आणि दाराकडे गेला. मला त्याला थांबवता आलं नाही, कारण पुढे काय आहे ते मलाच माहीत नव्हतं.

ठो!

आणि पडद्यावर माझ्या तराजूचं पारडं. पारड्याला भोक. गोळी तराजूला लागली असं दाखवलं होतं त्यांनी! सेठला चंद्रप्रकाशजींची दुसरी तारीख मिळाली नसेल, नाहीतर त्यांचा शब्द लागला असेल. कुठून तरी दुसरं पारडं आणून, भोक पाडून, जवळून शॉट घेऊन मध्ये चिकटवलं होतं. आणि मग मी. पडदाभर मी. हसतेय. आवाजही माझाच होता, आरेतला, शूटिंगच्या दिवशी टेपवर घेतलेला कच्चा आवाज. मागून बारीकशी म्हैसही ऐकू येत होती.

मग एक शिट्टी आली. ती शेवंतीची होती हे मी शपथेवर सांगू शकते. मग असा कल्लोळ झाला, की पुढच्या रांगांतून चिल्लर उडाली. चंद्रप्रकाशजी मागे सरले तेव्हा लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मी पडद्याकडे बघतच नव्हते. मी दाराकडे बघत होते.

दाराचा जाड पडदा हातात धरून दत्ताराम उभा होता. बाहेरचा उजेड त्याच्या अर्ध्या तोंडावर पडला होता. न पेटवलेली बिडी ओठांत तशीच. तो पारूबाईकडे बघत होता. ती रस्त्याला लागेपर्यंत, दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्याने पडदा सोडला, बिडी खिशात टाकली आणि माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत परत येऊन माझ्या शेजारी बसला. माझा हात घट्ट धरला. चारचौघांत त्याने कधी माझा हात धरला नव्हता. बिडीच्या तिखट वासाचा, खरबरीत हात. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

तुळशीदास सेठने पुन्हा मला कधी काम दिलं नाही. दुसऱ्या सेठांनी दिलं. मरायचं असलं तर मी आधीच सांगायचे, हसण्याचा शॉट पहिला घ्या, मग मरते. काहींनी घेतला, काहींनी मला दार दाखवलं. ज्यांनी दार दाखवलं त्यांच्या दारातून मी ताठ मानेने बाहेर आले.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही बसून राहिलो. मारामारी झाली, पोलीस आले, हिरोचं लग्न झालं, तांदूळ कुणी दुसऱ्यांनीच टाकले. पडद्यावर मोठी अक्षरं आली, दिवे लागले. चाळीतली माणसं हसत, बोलत, मला हात करत बाहेर निघाली. दत्ताराम तसाच बसलेला.

"संपलो?" त्याने विचारलं.

"संपला."

त्याने चारी बाजूंना बघितलं. रिकाम्या खुर्च्या, शेंगांची टरफलं, केर काढायला आलेली बाई.

"मगे आता काय करूचा असता गो?"

"आता उठायचं," मी म्हटलं, "आणि घरी जायचं."